जपानी चित्र आणि परका रंग

एखाद्या राष्ट्राच्या कलेवर परकीयांचा परिणाम झाला आहे असें कोणीं म्हटलें कीं त्या राष्ट्रांतील अभिमानी लोकांस तो आपल्यावरील आरोप वाटतो. आणि ज्यांचा परिणाम झाला त्यांच्यांतील अभिमानी लोकांस तें विजयाचें प्रमाणपत्र वाटतें. वास्तविक हीं दोन्ही मतें एकाच समजुतीच्या पोटीं जन्मलेलीं आहेत. कलेंत देणारा तो सावकार आणि घेणारा तो ऋणको, अशी ती समजूत होय. मग टीकाकार वहीखातें उघडून बसतो; कोणाकडून काय आलें, कोणत्या सालीं आलें, याची खतावणी करतो; आणि खतावणी पुरी झाली म्हणजे टीका पुरी झाली असें मानतो. जपान व युरोप यांच्यामधील कलाव्यवहाराचा सोळाव्या शतकापासूनचा इतिहास पाहिला म्हणजे ही रीत किती तोकडी आहे हें ध्यानांत येतें. म्हणून त्या इतिहासांतील कांहीं चित्रें समोर ठेवून हा प्रश्न तपासून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

१५४३ सालीं पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर उतरले व त्यांच्याबरोबर जपानांत बंदूक गेली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वत्र सांपडते. बंदुकीच्या मागोमाग चित्र गेलें, आणि तें हिंदुस्थानांतून गेलें. कागोशिमाचा अंजिरो नांवाचा एक मनुष्य हातून खून घडल्यामुळें देश सोडून पळाला होता. मलाक्का येथें त्याची फ्रान्सिस झेवियरशीं गांठ पडली. १५४८ सालीं त्यानें गोव्यांत बाप्तिस्मा घेतला व तेथील सेंट पॉल कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. १५४९ च्या एप्रिलांत झेवियर त्यास घेऊन गोव्याहून निघाला व १५ ऑगस्ट रोजीं कागोशिमास पोंचला. तेथील सरदार शिमाझु ताकाहिसा याच्या भेटीस अंजिरो गेला तेव्हां त्यानें हिंदुस्थानांतून आणलेलें मेरीमातेचें चित्र बरोबर नेलें होतें. सरदारानें चित्रापुढें गुडघे टेकले. त्याच्या मातोश्रींना तें इतकें आवडलें कीं असेंच दुसरें चित्र करून मिळावें म्हणून त्यांनीं निरोप धाडला. पण तें होऊं शकलें नाहीं. कारण तसें चित्र करण्याचें साहित्यच त्या देशांत नव्हतें. झेवियरच्या पत्रांत ही हकीकत आली आहे.

हा तपशील लहान आहे, पण टीकाकारानें तो डोळ्यांआड करूं नये. या भेटींत अडचण आली ती धर्माची नव्हे, रुचीची नव्हे, तर साहित्याची. आपण कलेच्या देवघेवीविषयीं बोलतांना कल्पना, ध्येयें, जीवनदृष्टि असे मोठे शब्द वापरतों. परंतु रंग, तेल, कागद आणि तांब्याचा पत्रा यांच्यावांचून त्या कल्पनांस एका देशांतून दुसऱ्या देशांत पाऊल टाकतां येत नाहीं.

हें साहित्य व तें वापरण्याची विद्या यांची पद्धतशीर शिकवण जपानांत सुरू झाली ती १५८३ नंतर. त्या सालीं ज्योव्हान्नी निक्कोलो हा नेपल्सकडील जेझुइट चित्रकार तेथें पोंचला व त्याच्या देखरेखीखालीं चित्रशाळा चालूं लागली. तैलरंग, तांब्याच्या पत्र्यावरील खोदकाम, छायाप्रकाशानें अवयवांस गोलाई आणण्याची युक्ति, हें सर्व जपानी विद्यार्थी तेथें शिकले. याच सुमारास, १५८२ सालीं, चार जपानी तरुणांचें शिष्टमंडळ नागासाकीहून निघून गोव्यावरून युरोपांत गेलें व १५८५ मध्यें रोम येथें पोपच्या भेटीस पोंचलें. अझुची किल्ल्याचें दृश्य रंगविलेले घडीचे पडदे पोपला नजर करण्यांत आले. ते पुढें नाहींसे झाले. परततांना ही मंडळी गोव्यांत थांबली असतां त्यांच्यांतील मार्टिन हारा यानें लॅटिन भाषेंत भाषण केलें व तें १५८८ सालीं तेथेंच छापलें गेलें. १५९० सालीं ते स्वदेशीं पोंचले तेव्हां त्यांच्याबरोबर खिळ्यांचा छापखानाहि जपानांत गेला.

निक्कोलोच्या शाळेंतून बाहेर पडलेलें काम नेटकें आहे. पण त्याचा मोठा भाग मूळ युरोपीय चित्रांच्या बरहुकूम केलेला, मक्षिकास्थाने मक्षिका, असा आहे. उलट त्याच काळांतील कानो संप्रदायाच्या चित्रकारांनीं परकीयांकडे आपल्याच डोळ्यांनीं पाहिलें. 'नान्बान', म्हणजे दक्षिणेकडील रानटी लोक, या नांवानें प्रसिद्ध असलेले त्यांचे घडीचे पडदे पाहावे. काळें गलबत बंदरास लागलें आहे. फुग्यासारख्या तुमानी घातलेले लांब नाकाचे पोर्तुगीज मिरवीत चालले आहेत. त्यांच्यावर छत्र धरणारे काळे सेवक आहेत, काळ्या झग्यांतील पाद्री आहेत. कानो नाइझेन याच्या पडद्यांत तर गलबत जेथून निघालें तें परदेशचें बंदरहि आहे. गोवा किंवा मकाव हें बंदर त्याच्या मनांत असावें असें अभ्यासक म्हणतात. पण छपरें चिनी वळणाचीं आहेत, कारण चित्रकारानें तें बंदर पाहिलेलें नव्हतें. या पडद्यांत मजकूर परका आहे आणि रीत सर्वस्वीं घरची आहे: तोच सोनेरी वर्ख, तेच सोनेरी ढग, तीच वरून खालीं पाहणारी दृष्टि. शाळेंतल्या मुलांनीं रीत घेतली व मजकूरहि परकाच ठेविला. कानो चित्रकारांनीं मजकूर घेतला व रीतीस हात लावूं दिला नाहीं. पडदे निःसंशय अधिक रमणीय आहेत. तरी पण एक कला दुसऱ्या कलेच्या संगतीनें आंतून बदलली असें या दोहोंपैकीं एकाहि ठिकाणीं म्हणतां येत नाहीं.

ती बदलण्यापूर्वींच दार लागलें. १६१४ मध्यें पाद्र्यांस देशाबाहेर घालविण्याचा हुकूम झाला. निक्कोलोची शाळा मकावला गेली. १६३९ सालीं पोर्तुगीज जहाजांस बंदी झाली आणि १६४१ पासून डच व्यापारी तेवढे नागासाकीच्या बंदरांतील देजिमा या पंख्याच्या आकाराच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर कोंडल्यासारखे राहूं लागले. ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ झाला. संशयित मनुष्यानें ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपली निष्ठा सिद्ध करावी, अशी चाल पडली व ती दोन शतकांहून अधिक काळ टिकली. ज्या प्रकारच्या चित्रापुढें एका सरदारानें गुडघे टेकले होते, त्याच प्रकारच्या प्रतिमा आतां तुडविण्याकरितां मुद्दाम घडविल्या जाऊं लागल्या. कलांच्या भेटीगाठींचें वर्णन करतांना गोड गोड बोलण्याची जी संवय आपणांस लागली आहे, तिला आळा घालण्यास एवढी एक गोष्ट पुरी आहे.

दार लागलें तरी फट राहिली होती, आणि त्या फटींतून वस्तु दोहों बाजूंस जात होत्या. चीनमधील यादवीमुळें तिकडील चिनी मातीचीं भांडीं मिळेनाशीं झालीं तेव्हां डच कंपनीनें आपली मागणी जपानांतील आरिता येथें नोंदविली. १६५९ सालची मागणी तर हजारोंच्या हिशोबाची होती. आरिताच्या काकिएमोन पद्धतीच्या भांड्यांवर पांढरी जागा मोकळी सोडून एका कडेस एखादी फांदी, एखादा पक्षी काढलेला असे. जर्मनींतील माइसेन येथील कारखान्यानें त्यांच्या इतक्या हुबेहुब नकला केल्या कीं त्या अस्सल जपानी म्हणून पॅरिसमध्यें खपविण्याचा एका व्यापाऱ्याचा उद्योग १७३१ मध्यें उघडकीस आला. नकलेचा दोष पौर्वात्यांच्याच माथीं मारणाऱ्यांनीं हें प्रकरण ध्यानांत ठेवावें.

त्याच डच जहाजांतून जपानी कागदहि गेला. रेम्ब्रांटनें सुमारें १६४७ पासून आपल्या कोरीव चित्रांचे कांहीं ठसे या कागदावर काढले आहेत. त्यानें जपानी फांदी काढली नाहीं, जपानी पक्षी काढला नाहीं. कागदाचा किंचित् पिवळसर रंग आणि शाई हळुवारपणें धरून ठेवण्याचा त्याचा गुण एवढेंच त्यानें घेतलें. कारण अंधारांतून उमटणारा मंद प्रकाश हा त्याचा स्वतःचा ध्यास होता व तो या कागदावर अधिक साधत होता. माइसेनच्या कारागिरानें जपानचें सर्व कांहीं घेतलें. रेम्ब्रांटनें जवळजवळ कांहींच घेतलें नाहीं. तथापि परक्या वस्तूचा खरा उपयोग कोणीं केला असें विचारल्यास उत्तर सोपें आहे. रेम्ब्रांटला आपणांस काय हवें आहे हें आधींच ठाऊक होतें.

जपानांतील चित्रकारांस हें भान येण्यास सुमारें एक शतक लागलें, व त्याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. १७२० सालीं शोगुन योशिमुने यानें परदेशी पुस्तकांवरील बंदी, ख्रिस्ती धर्माचीं पुस्तकें वगळून, सैल केली. सुमारें १७४० च्या आसपास ओकुमुरा मासानोबु याचीं 'उकि-ए' चित्रें निघूं लागलीं. सर्व रेषा दूर एका बिंदूस जाऊन मिळाव्या हा पाश्चात्त्य यथार्थदर्शनाचा नियम त्यांत प्रथमच मोठ्या हौसेनें वापरलेला आहे. तो जपानांत बव्हंशीं चिनी छापील चित्रांच्या द्वारें आला होता. मासानोबूचें नाट्यगृह पाहावें: छताच्या तुळया, दोहों बाजूंचे सज्जे, खालचे प्रेक्षक, सर्व कांहीं नियमानें मागें मागें जात आहे. पण अशा चित्रांत दालनाबाहेरचा बगीचा दिसूं लागला कीं नियम उंबरठ्यावरच थांबतो व बगीचा जुन्या पद्धतीनें वर चढतो. एकाच कागदावर दोन जगें शेजारीं बसविलीं आहेत. त्यांची अद्याप ओळख झालेली नाहीं.

पुढची पायरी विद्वानांची. १७७४ सालीं सुगिता गेन्पाकु प्रभृति वैद्यांनीं डच भाषेंतून शारीरशास्त्राचा ग्रंथ जपानींत आणला. त्यांतील आकृति आकिता संस्थानांतील ओदानो नाओताके या तरुणानें काढल्या. त्याचा धनी साताके शोझान यानें १७७८ मध्यें पाश्चात्त्य चित्रपद्धतीवर निबंध लिहिले. नाओताकेचें शिनोबाझु तळ्याचें रेशमावरील चित्र प्रसिद्ध आहे. अगदीं पुढें कुंडींतील भरघोस फुलें, आणि त्यांच्या पलीकडे एकदम दूर, लहान व फिकें झालेलें तळें. जवळचें फार मोठें आणि दूरचें फार लहान, मधलें अंतर गाळलेलें, अशी ही मांडणी लक्षांत ठेवावी; तिचें काम पुढें पडणार आहे. शिबा कोकान यानें १७८३ मध्यें तेजाबानें तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरण्याची कृति डच ज्ञानकोशाच्या साह्यानें साधली. १७९९ सालच्या आपल्या पुस्तकांत पाश्चात्त्य चित्रकला ही राष्ट्राच्या उपयोगाची विद्या आहे, असा त्यानें पक्ष मांडला. या धाडसी पुरुषाविषयीं आदर बाळगूनहि म्हणावें लागतें कीं त्याचीं बरींचशीं पाश्चात्त्य धाटणीचीं चित्रें आपणांस शिकवितात अधिक व हलवितात कमी. उपयुक्ततेच्या वादांत जिंकलेली पद्धत चित्रांतहि जिंकलीच पाहिजे असा नियम नाहीं.

आतां होकुसाइकडे वळूं. त्याच्या एकाच विषयावरील दोन चित्रांची तुलना केली म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. सुमारें १८०५ सालीं त्यानें प्रचंड लाटेखालून जाणाऱ्या नावांचें एक छापील चित्र केलें. त्यास युरोपीय चित्रासारखी चौकट काढली. आपलें नांव जपानी अक्षरांत, पण आडवें पाडून, परकीय लिपीचा भास व्हावा अशा थाटानें लिहिलें. लाटेस छाया देऊन घनपणा आणण्याची खटपट केली. लाट जड झाली. पाण्याऐवजीं एखादी कपार पुढें झुकली आहे असें वाटतें. ही शिकाऊ वयांतील चूक नव्हे. होकुसाइ तेव्हां पंचेचाळीस वर्षांचा होता.

यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यानें फुजी पर्वताच्या छत्तीस देखाव्यांची मालिका आरंभिली. 'छत्तीस' हें नांव राहिलें, पण मागणीमुळें पुढें चित्रें सेहेचाळीस झालीं. तींतील कानागावाजवळील लाटेचें चित्र आज जगांत माहीत नाहीं असें घर विरळा. या चित्रांत परकें काय आहे? क्षितिज खालीं उतरलें आहे. पाहणारा जणूं पाण्याच्या पातळीवरच आहे. लाट अजस्र आणि फुजी पर्वत तिच्या पोकळींत बोटभर. हें अंतराचें गणित पश्चिमेकडून आलेलें आहे. निळा रंगहि परका आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें लागलेला हा रासायनिक रंग १८३० च्या सुमारास चिनी व्यापाऱ्यांमार्फत जपानांत स्वस्त मिळूं लागला. तोंपर्यंत ठशांच्या चित्रांस एक तर फुलांपासून काढलेला, लवकर विटणारा निळा वापरावा लागे, किंवा नीळ. एदो शहरांतील लोक या नव्या रंगास बर्लिनच्या नांवावरून 'बेरो' म्हणूं लागले. अलीकडच्या रासायनिक तपासणींत लाटेच्या ठशांत बेरो व देशी नीळ हीं दोन्ही आढळलीं आहेत. म्हणजे परका रंग मिळाला म्हणून घरचा फेकून दिला नाहीं. दोहोंच्या मिलाफानें निळ्याच्या निरनिराळ्या छटा साधल्या.

पण टीकाकाराचें खरें काम येथून पुढें आहे. होकुसाइनें काय घेतलें हें सांगितलें; आतां त्यानें काय टाकलें तें पाहावें. चौकट गेली. नांवाचा परकीय थाट गेला. लाटेला घनपणा देणारी छाया, जिच्यासाठीं पूर्वीं इतका खटाटोप केला होता, तीहि गेली. तिच्या जागीं रेषा आली, आणि रेषेच्या मध्यें सपाट रंगाचे पट्टे आले. लाटेच्या फेसाचे नखांसारखे आंकडे छायाप्रकाशानें कधींहि निघाले नसते. ते रेषेचेच काम आहे. अंतराचें गणित त्यानें ठेविलें, कारण पर्वताची स्थिरता व समुद्राचा क्षोभ यांतील विरोध त्यावांचून उभा राहत नव्हता. छाया टाकली, कारण तिनें लाट थिजत होती. म्हणून पहिल्या चित्रांत आपणांस परिणाम दिसतो. दुसऱ्यांत चित्र दिसतें, व परिणाम शोधून काढावा लागतो.

१८५४ सालीं अमेरिकन आरमाराच्या धाकानें जपानचें दार उघडलें आणि पुढील वीस वर्षांत हीं स्वस्त छापील चित्रें पॅरिसमध्यें जाऊन पडलीं. १८६७ सालच्या तेथील प्रदर्शनानें हौस वाढविली. १८७२ मध्यें फिलिप बुर्ती या टीकाकारानें या वेडास 'जापोनिझम' असें नांवच दिलें. फ्रेंच चित्रकारांस या चित्रांत काय दिसलें? युरोपच्या जुन्या शिस्तीचा स्पर्श न झालेली, निर्मळ अशी पौर्वात्य दृष्टि! १८८७ सालीं व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या तैलरंगांत प्रति केल्या. एक पावसांतील पुलाची, दुसरी कामेइदो येथील आलुबुखाराच्या बागेची. मूळ चित्रें १८५७ सालचीं. बागेच्या चित्रांत एका झाडाचें खोड व वांकड्या फांद्या अगदीं डोळ्यांपुढें येऊन चित्र अडवून धरतात आणि त्यांच्या फटींतून दूरवर माणसें इवलींशीं दिसतात. व्हॅन गॉगला हेंच अपूर्व वाटलें. पण ही मांडणी आपण नाओताकेच्या कुंडीजवळ पाहिली आहे; आणि नाओताके ती डच पुस्तकांच्या अभ्यासांतून घडवीत होता. एका डच मनुष्यानें पॅरिसमध्यें बसून भक्तिभावानें उतरून घेतलेल्या जपानी चित्रांत त्याच्याच पूर्वजांचें थोडें धन होतें, व तें त्यास ओळखूं आलें नाहीं. खतावणीवाल्या टीकाकारानें ही रक्कम कोणाच्या खातीं मांडावी?

आमच्या मतें ती कोणाच्याच खातीं मांडूं नये. व्हॅन गॉगच्या प्रतींतहि पाहण्याजोगें आहे तें त्यानें बदललेलें. हिरोशिगेच्या पातळ, कागदांत मुरलेल्या रंगाऐवजीं त्यानें जाड रंगाचे थर दिले, हिरवें व तांबडें एकमेकांवर आदळविलें, आणि दुसऱ्या चित्रांवरून घेतलेलीं अक्षरें, त्यांच्या अर्थाची पर्वा न करतां, कडेनें नक्षीसारखीं लाविलीं. ही अक्षरांची कड म्हणजे होकुसाइच्या आडव्या सहीचीच बहीण. नव्या ओळखीचा उत्साह दोघांनाहि आवरला नाहीं. पुढें दक्षिण फ्रान्समधील शेतें व फळबागा त्यानें रंगविल्या तेव्हां अक्षरें नाहींशीं झालीं, आणि ठाम बाह्यरेषा व सपाट, उजळ रंग हे त्याचे स्वतःचे होऊन राहिले. दोन देश, एकाच शतकाचे दोन भाग. पण पायऱ्या त्याच.

यावर एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. घेणें-टाकणें हें स्वतंत्र माणसाला शक्य. ज्याच्या दारांत तोफा उभ्या आहेत त्यानें काय टाकावें? देजिमाच्या काळांत जपाननें निवड केली ती दाराची किल्ली त्याच्या हातांत होती म्हणून. ती किल्ली गेल्यावर काय झालें तें दिसतेंच. १८७६ सालीं सरकारनें इटलीहून फोंतानेसी यास बोलावून पाश्चात्त्य चित्रकलेची शाळा काढली. नंतर प्रतिक्रिया येऊन १८८९ मध्यें उघडलेल्या तोक्योच्या कलाशाळेंत पाश्चात्त्य चित्रकलेला जागाच ठेविली नाहीं. आणि १८९६ सालीं कुरोदा सेइकी याच्या हाताखालीं तोच विषय पुनः आला. अगोदर सर्व घ्यावें, मग सर्व टाकावें, मग पुनः घ्यावें, हे हेलकावे घाबरलेल्या राष्ट्राचे आहेत. एवढें कबूल करूनहि बंद दाराचे गोडवे गाण्यास आम्ही तयार नाहीं. त्या दारामागें माणसांस प्रतिमा तुडवाव्या लागत होत्या व न तुडविणारांस मरावें लागत होतें. शिवाय होकुसाइची निवड कोणा सरकारनें केलेली नव्हती. बाजारांत विकल्या जाणाऱ्या कागदांवर, प्रकाशकाच्या तगाद्याखालीं, एका म्हाताऱ्या कारागिरानें ती केली, आणि तीस पंचवीस वर्षें लागलीं.

म्हणून एखाद्या लेखकावर, चित्रकारावर किंवा गायकावर परक्यांची छाप आहे असें कोणी सांगूं लागला तर वाचकांनीं रागावूं नये आणि हुरळूनहि जाऊं नये. ती गोष्ट बहुधा खरी असते, आणि नुसती खरी असल्यानें तिच्यावरून कांहींच ठरत नाहीं. सांगणारास दुसरा प्रश्न विचारावा: या माणसानें त्यांतलें टाकलें काय, आणि टाकलें तें कशासाठीं? याचें उत्तर कलाकृतींतच शोधावें लागतें. वहींत तें सांपडत नाहीं. तें शोधण्यास वेळ लागतो, डोळे लागतात, व प्रसंगीं एकाच माणसाचीं पंचवीस वर्षांच्या अंतरानें केलेलीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहावीं लागतात. टीकेचें काम तेवढेंच आहे.